प्रश्न उद्भवतो!

(मालेगाव, जि. वाशीम येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता मंडपात शिरताना एका म्हाताऱ्या बाबांनी मला अडवलं. म्हणाले, "नागपूरच्या अधिवेशनात हे लोक भांडतात कशाले? आमच्या पऱ्हाटीले त्याचा काय उपेग?" मी म्हटलं, बाबा, बसा, आज त्याच्यावरच बोलतो.

बाबांचा प्रश्न बरोबर आहे. डिसेंबर महिना म्हणजे आपल्या वेचणीचा महिना. मजूर मिळत नाही, भाव ठरत नाही, आणि त्याच वेळी नागपुरात अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलेलं आहे की सरकारनं वर्षातून काही काळ नागपुरात यायचं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं घ्यायचं. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली. आपल्याला त्यातलं दिसतं काय? विधानभवनाच्या पायऱ्या, गळ्यात कापसाच्या माळा, हातात फलक आणि घोषणा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मग आपण म्हणतो, नाटक आहे.

पायऱ्यांवरचं काही नाटक असेलही. पण आत सभागृहात एक काम चालतं, त्याचा फोटो येत नाही. विरोधी बाकावरचा आमदार उभा राहून मंत्र्याला प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ही मेहेरबानी नव्हे. घटनेच्या कलम १६४ मध्ये लिहिलं आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. जबाबदार म्हणजे जाब देणारं. आणि जाब विचारल्याशिवाय कोणी देत नाही, हे आपण सोसायटीच्या सचिवापासून पाहत आलो आहोत.

३०,८०० चा हिशेब

वर्ष आठवा, २०१७. त्या खरिपात बोंडं भरली आणि फोडून पाहिलं तर आत शेंदरी बोंडअळी. बीटी बियाणं २००२ साली आलं, दुसऱ्या पिढीचं २००६ साली. अळीनं दोन्ही पचवली. आपण कीडनाशकावर पैसा ओतला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली.

डिसेंबरात नागपूरला विरोधी पक्षांनी हा विषय लावून धरला. तेव्हाचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर, आपल्याच शेजारच्या खामगावचे. स्वतः विधान परिषदेत विरोधी पक्षनेते राहिलेले, म्हणजे प्रश्न विचारण्याची बाजूही त्यांना माहीत. त्यांनी सभागृहात जाहीर केलं की कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीला ३७,५०० रुपये मिळतील. पेपरात मोठ्या अक्षरात आलं. गावागावांत लोकांनी बोटांवर हिशेब केला.

आता ही रक्कम फोडून पाहू. कोरडवाहूच्या ३०,८०० पैकी ६,८०० आपत्ती निवारणाच्या निधीतून. ८,००० पीक विम्यातून. आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून. म्हणजे सरकारच्या खिशातून निघणार होते फक्त ६,८००. विम्याचे ८,००० कोणाला? ज्यानं विमा काढला, कपाशीचा पाच टक्के हप्ता स्वतः भरला, आणि ज्याच्या मंडळाचं उत्पन्न पीक कापणी प्रयोगात उंबरठ्याच्या खाली आलं, त्यालाच. आणि १६,००० तर दुसऱ्याच्या खिशातले. त्यासाठी २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली 'जी' नमुन्याचे अर्ज भरायला आपण रांगा लावल्या. कंपन्यांनी जबाबदारी मानली नाही. प्रकरण सुनावण्या आणि अपिलांत गेलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला. त्यात सरकारी वाटा तेवढा होता. कोरडवाहू हेक्टरी ६,८००, बागायत १३,५००, आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

पाच एकर कपाशीवाल्यानं हिशेब करावा. सभागृहात ऐकलं ६१,६००. शासन निर्णयात आलं १३,६००. मधले ४८,००० रुपये कुठे गेले? इथे बसलेल्यांपैकी ज्याला घोषणेतली पूर्ण रक्कम मिळाली असेल, त्यानं हात वर करावा. (कोणीही हात वर केला नाही.)

आपल्याकडे म्हण आहे, लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. पण आवतण सभागृहात दिलेलं असलं तर त्याची नोंद होते. आपण ती नोंद वापरली का, हा माझा आजचा सवाल आहे.

मी लिहिलेलं उत्तर

मंत्री जे उत्तर वाचतात ते तयार कुठे होतं, हे मी आतून पाहिलेलं आहे. कृषी पदवी घेतल्यावर मी काही वर्षं सरकारी नोकरी केली. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण असंच सगळीकडे चालत होतं.

आमदार प्रश्नाची सूचना विधानभवनात देतो. तिथून तो मंत्रालयात त्या खात्याकडे जातो. खातं आयुक्तालयाला विचारतं, आयुक्तालय जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. शेवटी फोन येतो तो तालुक्याच्या टेबलावर, आणि माहिती संध्याकाळपर्यंत पाहिजे असते.

असाच एक फोन आला. प्रश्न होता, तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांना बियाण्याचे अनुदान मिळाले नाही, हे खरे आहे काय? माझ्या रजिस्टरमध्ये अनुदान न मिळालेली चाळीस नावं होती. मी ती साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, "अनेक म्हणजे किती? प्रश्नात आकडा आहे का? नाही ना? मग लिहा, 'हे खरे नाही.'" आणि पुढच्या ओळीला, चौकशी केली काय, कारवाई केली काय, विलंबाची कारणे काय, या सगळ्यांना मिळून एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

ते मी माझ्या हातानं लिहिलं. चाळीस घरांचं अनुदान त्या तीन शब्दांखाली गाडलं गेलं. आमदारानं पुढे विचारलं नाही, कारण त्याच्याकडे नावंच नव्हती. नावं माझ्या कपाटात होती. नोकरी सोडण्याची कारणं पुष्कळ असतात, पण ते कपाट मला अजून आठवतं.

त्या दिवशी मला कळलं की सरकार प्रश्नाला घाबरत नाही, आकड्याला घाबरतं. ढोबळ प्रश्नाला ढोबळ उत्तर मिळतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमदाराच्या प्रश्नात आकडा नाही, कारण गावानं तो दिला नाही.

प्रश्न कसा विचारावा

आता हाच बोंडअळीचा प्रश्न दोन प्रकारे विचारून पाहू.

पहिला प्रकार, 'वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यांना बोंडअळीची मदत मिळाली नाही, हे खरे आहे काय?' उत्तर, 'हे खरे नाही.' कारण काहींना ६,८०० च्या हिशेबानं मिळालेली आहे. संपलं.

दुसरा प्रकार ऐका. 'सन्माननीय कृषिमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? (१) डिसेंबर २०१७ मध्ये सभागृहात जाहीर केलेल्या हेक्टरी ३०,८०० रुपयांपैकी बियाणे कंपन्यांच्या वाट्याचे १६,००० रुपये मालेगाव तालुक्यातील किती शेतकऱ्यांना, कोणत्या तारखेला देण्यात आले? (२) तालुक्यात "जी" नमुन्याचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, आणि किती सुनावणीत राहिले? (३) रक्कम देण्यात आली नसल्यास, सभागृहात केलेली घोषणा पूर्ण करण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?'

आता लिहा बरं, 'प्रश्न उद्भवत नाही'! किती, कोणाला, कोणत्या तारखेला, हे तीन शब्द प्रश्नात असले की पळवाट बुजते. उत्तर शून्य असलं तर शून्य लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर हक्कभंगाची सूचना देता येते, आणि कोणताही अधिकारी खोट्या आकड्याखाली सही करताना दहादा विचार करतो.

हत्यारं किती आणि कोणती

आमदाराच्या हातात हत्यारं अनेक आहेत. शेतकऱ्याला जसं डवरा कुठे आणि वखर कुठे हे कळतं, तसं हे आपल्याला कळलं पाहिजे.

तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं. तारांकित यादीतल्या थोड्याच प्रश्नांची पाळी तासाभरात येते, म्हणून आमदाराची खरी परीक्षा उपप्रश्नात असते. मंत्र्यानं छापील उत्तर वाचलं की ज्याच्या हातात गावाचा कागद आहे तोच पुढचा प्रश्न विचारू शकतो.

उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीचं संकट असेल तर लक्षवेधी सूचना असते, आणि तिच्यावर मंत्र्याला निवेदन करावं लागतं. सगळं कामकाज बाजूला ठेवून एकाच विषयावर बोलायचं तर स्थगन प्रस्ताव. खात्याचा खर्च मंजुरीला येतो तेव्हा कपात सूचना. लोकसभेत तर धोरणच मान्य नसेल तर मागणी कापून एक रुपयावर आणायची सूचना देतात. रुपयाला किंमत नसते, पण त्या रुपयावर मंत्र्याला अख्ख्या धोरणाचं उत्तर द्यावं लागतं.

आणि आपल्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात 'देऊ', 'करू', 'तपासून कारवाई करू' म्हणाला की ते आश्वासन म्हणून नोंदता येतं, आणि ते पाळलं का हे ही समिती विचारते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे, तिथं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करण्याचा दंडक आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. फुंडकर साहेबांचं मे २०१८ मध्ये निधन झालं. त्यानंतर सरकारं बदलली, कृषिमंत्री बदलले. पण शब्द एका माणसाचा नव्हता, सरकारचा होता. मंत्री जातो, आश्वासन राहतं. ते उचलून समितीपुढे ठेवणारा मात्र कोणीतरी लागतो.

आवाज आणि आकडा

आवाजाचं महत्त्व मी नाकारत नाही. आपल्या विदर्भाचे जांबुवंतराव धोटे यांनी १९६४ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला आणि त्यांचं सदस्यत्व गेलं. तो संताप विदर्भाला आपला वाटला. पण संतापानं रिकामी झालेली खुर्ची प्रश्न विचारू शकत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरं उदाहरण २०१२ चं. राज्याच्या आर्थिक पाहणीत एक आकडा छापून आला. दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं ते फक्त ०.१ टक्का. सत्तर हजार कोटींच्या खर्चाचा आकडा तेव्हा घरोघरी बोलला जात होता. विरोधकांनी सरकारच्याच पुस्तकातला तो दशांश टक्का धरला आणि सोडला नाही. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परत आले. नोव्हेंबरात सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. पुढे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रकरणाच्या कोर्टकचेरीत मी जात नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की सरकार हललं ते एका छापील आकड्यानं. आणि २०१२ मध्ये प्रश्न विचारणारे २०१७ मध्ये उत्तर द्यायला बसले होते, तर २०१२ मध्ये उत्तर देणारे २०१७ मध्ये पायऱ्यांवर घोषणा देत होते. बाकं बदलतात. आपण आपल्या बाकावर, म्हणजे धुऱ्यावर, तिथंच असतो. म्हणून हा पक्ष चांगला की तो, या भांडणात पडू नका. जो विरोधात बसला आहे त्याला प्रश्नाची गरज असते. त्याच्या गरजेचा उपयोग करून घ्या.

तुम्ही विचाराल, विरोधक उरलेच किती? २०२४ च्या निवडणुकीत २८८ च्या विधानसभेत विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाला २० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के म्हणजे २९ जागांचा संकेत पुढे केला गेला. पद मिळो न मिळो, प्रश्नाची सूचना देण्याचा हक्क मंत्री नसलेल्या प्रत्येक सदस्याला आहे, सत्ताधारी पक्षातल्या सदस्यालासुद्धा. विरोधक कमी असले की प्रत्येक प्रश्न जास्त धारदार असावा लागतो.

आणि प्रश्न बंद झाले तर काय होतं? सप्टेंबर २०२० मध्ये संसदेच्या अधिवेशनात कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नाही. त्याच अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयकं मंजूर झाली, राज्यसभेत गोंधळात, आवाजी मतदानानं. ते कायदे चांगले होते की वाईट, यावर आपल्यातही दोन मतं होती, तो वाद आज नको. पण ज्याच्यासाठी कायदा, त्याच्या वतीनं मंत्र्याला तोंडी प्रश्न विचारता आला नाही. पुढे वर्षभर रस्त्यावर बसणं झालं आणि २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले. सभागृहात न विचारलेला प्रश्न रस्त्यावर आला आणि महाग पडला.

प्रश्नाला बाजारभाव असतो हेही ऐका. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारायला तयार झालेले ११ खासदार पकडले गेले आणि त्यांचं सदस्यत्व रद्द झालं. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. म्हणजे व्यापाऱ्याला प्रश्नाची किंमत कळते. आपल्या कापसाला भाव नाही, पण आपल्या प्रश्नाला आहे. तो आपण घरात ठेवून सडवतो.

आपलं काम

आता कामाचं बोलतो.

पहिलं, कोणता प्रश्न कोणाला, हे ओळखा. मालेगाव तालुका विधानसभेला रिसोड मतदारसंघात आहे आणि लोकसभेला अकोला मतदारसंघात. याशिवाय विधान परिषदेत अमरावती विभागाचे पदवीधर आणि शिक्षक आमदार असतात, स्थानिक स्वराज्य संस्थांचा अकोला-वाशीम-बुलढाणा मतदारसंघ आहे. एकानं ऐकलं नाही तर दुसरा आहे. खरेदी केंद्र, बारदाना, पंचनामा, बोगस बियाणं, वीज हे आमदाराचे प्रश्न. हमीभाव आणि आयात-निर्यात खासदाराचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकं आपला कापूस घरात येईपर्यंत. हा प्रश्न आमदारापुढे मांडून उपयोग नाही, तो दिल्लीत विचारला गेला पाहिजे.

दुसरं, प्रत्येक गावात एक वही ठेवा. मेडशी असो, शिरपूर असो, किन्हीराजा असो, जऊळका असो. त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसान, अर्जाची तारीख, पोच पावती, मिळालेली रक्कम आणि मिळाल्याची तारीख लिहा. ज्वारीचं खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडलं, काटा किती दिवस बंद होता, किती गाड्या परत गेल्या, हे त्याच दिवशी लिहा. जे घरात लिहिलेलं नाही ते माहितीच्या अधिकारात तालुक्याला मागा. मी ज्या कपाटाबद्दल बोललो, तसली कपाटं त्या कायद्यानं उघडतात.

तिसरं, अधिवेशनाच्या तोंडावर निवेदनांचा गठ्ठा नेऊ नका. प्रश्नाच्या सूचनेला आधीपासून मुदत लागते. वेचणी सुरू होण्याआधी, सीतादहीच्या सुमाराला, एका पानावर एकच प्रश्न लिहून आमदाराच्या हाती द्या. सोबत वहीची नक्कल जोडा. सत्ताधारी आणि विरोधी, दोघांनाही द्या आणि पोच घ्या.

चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं, उत्तर मागा. प्रश्न विचारला म्हणून आमदाराचा सत्कार करू नका. 'भाऊ, उत्तर काय आलं? छापील उत्तर दाखवा' म्हणा. ते उत्तर पारावर मोठ्यानं वाचा. 'हे खरे नाही' असं लिहून आलं आणि तुमच्या वहीत चाळीस नावं असली, तर ती वही घेऊन पुन्हा जा. उपप्रश्न, अर्धा तास चर्चा, आश्वासन समिती, दारं पुष्कळ आहेत.

एवढ्यानं ४८,००० रुपये उद्या हातात पडतील असं मी म्हणणार नाही. तसं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. पण पुढची अळी, पुढची गारपीट, पुढची घोषणा येणारच आहे. त्या वेळी आकडा जाहीर होताच सभागृहात कोणीतरी विचारलं पाहिजे, यात सरकारचे किती, विम्याचे किती, आणि दुसऱ्याच्या खिशातले किती? २०१७ साली हा प्रश्न त्याच दिवशी नीट विचारला गेला असता, तर आपण निदान कर्ज काढताना खोटा हिशेब केला नसता.

सुरुवातीला ज्या बाबांनी विचारलं, त्यांना माझं उत्तर हे. बाबा, ते भांडतात ते आपल्यासाठी की स्वतःसाठी, हे आपल्या वहीवर अवलंबून आहे. वही कोरी असेल तर ते स्वतःसाठी भांडतील. वही भरलेली असेल तर त्यांना आपल्यासाठी भांडावं लागेल.

मी एकदा 'प्रश्न उद्भवत नाही' असं लिहिलं होतं. ती चाळीस नावं आता कोणी वाचणार नाही. पण पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपली वही घेऊन यावं. त्या वह्यांवरून पहिला प्रश्न आपण इथेच बसून लिहू.